महालक्ष्मीला पहिल्यांदा रेस बघायला जातोय, बेटिंग नेमकं कसं चालतं कोणी सांगेल का?

नवखा_ठाणे

नमस्कार मंडळी. ऑफिस लोअर परळला आहे, खिडकीतून रेसकोर्सचा ट्रॅक रोज दिसतो पण आत कधी पाऊल टाकलेलं नाही. आता ऑफिसातले चारपाच जण रविवारी जायचं म्हणतायत, त्यातल्या दोघांना थोडं कळतं पण ते इतक्या भराभर बोलतात की विन, प्लेस, टोट, भाव, फेव्हरिट हे सगळं डोक्यावरून जातं. मला नुसतं कोणीतरी सांगितलेल्या घोड्यावर पैसे लावायचे नाहीयेत, काय चाललंय ते समजून घ्यायचंय. तर टोट आणि बुकी यात फरक काय, रेसच्या पुस्तकातले आकडे कसे वाचायचे, आणि हे कायदेशीर आहे ना पूर्ण? एकाने वॉट्सॅप ग्रुप पण सुचवलाय जिथे म्हणे पक्की टिप मिळते आणि तिथल्या तिथे पैसे पण लावता येतात. त्याबद्दल पण सांगा.

सातरस्ता

पहिलं म्हणजे तू समजून घ्यायचंय म्हणालास ते वाचून बरं वाटलं कारण नव्वद टक्के लोक आल्या आल्या "कुठला घोडा येतोय" एवढंच विचारतात. माझं सांगणं एकच आहे, पहिल्या दोन रेस एक रुपया न लावता बघ. पॅडॉकमधे, म्हणजे रेसच्या आधी घोडे लोकांना दाखवायला फिरवतात त्या जागी, घोडे बघ, मग स्टँडवर ये, रेस बघ, मग निकालाचा बोर्ड वाच. हे दोनदा केलंस की अर्धं कोडं आपोआप सुटतं.

आता टोट. टोट म्हणजे रेस भरवणाऱ्या क्लबचं खातं, काउंटरवर तिकीट घ्यायचं. सगळ्या लोकांनी विनवर, म्हणजे घोडा पहिला येईल यावर, लावलेले पैसे एका पूलमधे जमा होतात, त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा बाजूला काढतात आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या घोड्याच्या तिकिटांमधे वाटली जाते. समजा पूल १,००,००० चा झाला, वाटा जाऊन ७५,००० उरले आणि जिंकलेल्या घोड्यावर एकूण १५,००० लागले होते, तर १० रुपयाच्या तिकिटाला ५० मिळतात (वाट्याचा आकडा नुसता समजायला घेतलाय). म्हणजे तू क्लबच्या विरुद्ध खेळत नसतोस, बाजूला उभ्या असलेल्या बाकीच्या पंटरांच्या, म्हणजे पैसे लावणाऱ्यांच्या, विरुद्ध खेळत असतोस, हे डोक्यात पक्कं बसव. ही पद्धत जोसेफ ऑलेर नावाच्या माणसाने पॅरिसमधे १९व्या शतकात काढली आणि आज जगभर तीच चालते. यात शेवटच्या मिनिटापर्यंत पैसे येत राहतात म्हणून तुझ्या तिकिटाला किती मिळणार ते रेस सुटेपर्यंत नक्की नसतं.

बुकीचं उलटं. रिंगमधे, म्हणजे रेसकोर्सवरच्या बेटिंगच्या जागेत, लायसन्सवाले बुकी असतात, त्यांच्या बोर्डावर प्रत्येक घोड्याचा भाव असतो, तू ज्या भावाला तिकीट घेतलंस तोच तुला मिळणार, नंतर तो चढो की पडो. ५/२ म्हणजे २ लावले तर नफा ५, वर तुझे २ परत. इव्हन म्हणजे जितके लावले तितकाच नफा. ज्याचा भाव सगळ्यात कमी तो फेव्हरिट.

विन म्हणजे घोडा पहिलाच आला पाहिजे. प्लेस म्हणजे घोडे जास्त असतील तर पहिल्या तिनात, कमी असतील तर पहिल्या दोघांत. प्लेसला पैसे कमी मिळतात पण नवीन माणसाला तेच बरं, कारण आपला घोडा शेवटच्या २०० मीटरला झुंजतोय हे बघायला मिळतं आणि रेस वाचायची सवय लागते. फोरकास्ट म्हणजे पहिला आणि दुसरा बरोबर क्रमाने, क्विनेला म्हणजे तेच दोघे पण क्रम कुठलाही, टनाला म्हणजे पहिले तीन क्रमाने. या तिघांकडे पहिल्या दिवशी वळूच नकोस.

पुस्तकाचं नीट लिहितो कारण खरी गंमत तिथे आहे. आपल्याकडे बऱ्याचशा रेस हँडिकॅप असतात. हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला रेटिंग देतो, चांगला पळाला तर वाढवतो, मागे राहिला तर उतरवतो, आणि रेटिंगप्रमाणे पाठीवर वजन ठरतं, एका पॉइंटला अर्धा किलो. म्हणजे दोन घोड्यांच्या रेटिंगमधे १० चा फरक असेल तर वरच्याला ५ किलो जास्त घेऊन पळावं लागणार. पुस्तकात हँडिकॅपमधला नंबर १ म्हणजे सगळ्यात जास्त वजनवाला, आणि शेवटचा नंबर म्हणजे सगळ्यात हलका. नवीन लोकांना वाटतं नंबर १ म्हणजे सगळ्यात भारी, तसं नाही, तो आत्तापर्यंत बरा पळालाय म्हणून त्याच्यावर ओझं टाकलंय. दादरच्या जिन्यावर एकाच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि दुसऱ्याच्या डोक्यावर तांदळाचं पोतं असेल तर कोण आधी वर पोचेल हे ठरवायचं, असा तो सगळा खेळ आहे. म्हणून नुसतं "हा घोडा मागच्या वेळी पहिला आला" एवढ्यावर जाऊ नकोस, मागच्या वेळी किती वजन होतं आणि आज किती आहे ते बघ. तो वरच्या क्लासमधे चढलाय की खालच्या क्लासमधे उतरलाय ते बघ.

मग अंतर. १००० आणि १२०० मीटरचे घोडे वेगळे, २०००-२४०० वाले वेगळे, क्वचितच एखादा दोन्हीकडे चालतो. १००० ला पाच वेळा तिनात आलेला घोडा १६०० ला पहिल्यांदा उतरवला असेल तर शेवटच्या फर्लाँगला (साधारण २०० मीटर) त्याचा दम टिकेल का हा प्रश्न विचार. आणि ड्रॉ म्हणजे स्टार्टिंग गेटमधली जागा, ती घोड्याच्या नंबरापेक्षा वेगळी असते, गोंधळ करू नकोस. महालक्ष्मीचा ट्रॅक उजव्या हाताचा आहे, घोडे घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळतात, वळणावर बाहेरून पळालेल्या घोड्याला जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे कमी अंतराच्या रेसला बाहेरच्या गेटमधून सुटणं जड जाऊ शकतं. जॉकीच्या नावापुढे वजनात सूट लिहिली असेल तर तो अप्रेंटिस आहे, शिकाऊ म्हणून त्याला काही किलो माफ असतात. चांगला शिकाऊ पोरगा चांगल्या घोड्यावर असेल तर ती सूट सोन्यासारखी.

अजून एक, रेस संपल्या संपल्या तिकीट फाडू नकोस. फोटो फिनिश असू शकतो, ऑब्जेक्शन, म्हणजे दुसऱ्याने वाट अडवली अशी तक्रार, येऊ शकतं, जॉकी खोगिरासकट परत वजनकाट्यावर बसतो आणि तिथे गडबड निघाली तर निकाल बदलतो. अधिकृत निकाल लागेपर्यंत तिकीट खिशात.

तबेल्याजवळ

सातरस्ता काकांनी पुस्तक सांगितलं, मी पॅडॉक सांगते. माझे मामा सईस होते, म्हणजे घोडा सांभाळणारे, लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे गेलं की पहाटे ट्रॅकवर्क, म्हणजे घोड्यांचा सराव, बघायला मिळायचं, त्यामुळे माझं लक्ष आधी घोड्याकडे जातं, मग भावाकडे.

पॅडॉकमधे सईस घोड्याला धरून गोल फिरवतो. तेव्हा घोड्याची चाल बघा, पाय मोकळा आणि लांब पडतोय का, की आखडून चालतोय. मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेच्या पुढे पडत असेल तर अंग मोकळं आहे. कातडीवर चकाकी हवी, बरगड्यांच्या मागे पोट सुटलेलं नको. कान पुढे आणि नजर स्थिर असेल तर घोडा शांत आहे. सारखा मान झटकत असेल, मागच्या मांड्यांच्या मधे पांढरा फेस आला असेल, सईसाला ओढत असेल तर त्याची ताकद रेसच्या आधीच संपत चाललीय. अर्थात मार्च-एप्रिलमधे मुंबईच्या दमट हवेत सगळेच घामेजलेले असतात, तेव्हा एकट्या घामावरून ठरवू नका, बाकीच्यांशी ताडून बघा. आणि काही घोडे दर वेळी असेच नाचतात आणि तरी जिंकतात, म्हणून एकच घोडा दोन-तीन वेळा बघितला असेल तर जास्त कळतं.

डोळ्यांना झापडं लावलीयत का ते पण बघा. ज्या घोड्याचं लक्ष आजूबाजूला जातं त्याला लावतात, आणि पहिल्यांदाच लावली असतील तर कधीकधी घोडा एकदम वेगळाच पळतो. मग घोडे कँटर करत, म्हणजे हलक्या दौडीत, गेटकडे जातात तेव्हा दुर्बीण असेल तर तेही बघा.

आणि एक मनापासून सांगायचंय. हे सगळं करताना त्या प्राण्यावर आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसावर पण नजर जाऊ दे. सईस पहाटे अंधारात उठून खरारा करतो, पाय चोळतो, घोडा आजारी पडला तर रात्रभर बाजूला बसतो, आणि बक्षीस घेताना फोटोत कडेला उभा असतो. पांडू खाडे, वसंत शिंदे असे आपले मराठी जॉकी एकेकाळी या मैदानावर गाजले, जुन्या लोकांना विचारा, अजून डोळे चमकतात त्यांचे. नुसता बोर्डावरचा आकडा बघून घरी जाणं म्हणजे तिथे जाऊन काहीच न बघणं.

आकडेमोड

वरचं सगळं बरोबर आहे, पण पैशाचा हिशोब कोणी लिहिलेला नाही म्हणून लिहितो. नवीन माणसाला हे आधी कळलं पाहिजे.

रेस बेटिंगवर जीएसटी आधी २८ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. तो नफ्यावर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर. म्हणजे १०० ची पैज आणि ४० जीएसटी धरून खिशातून १४० गेले. घोडा इव्हन भावाचा आहे, जिंकला तर २०० परत येतात. आता १४० ला २०० ने भागा, ७० टक्के. म्हणजे असा घोडा दहातून सात वेळा जिंकला तर तुम्ही जेमतेम बरोबरीत. आणि इव्हन भाव याचाच अर्थ की बाजार त्याला दहात पाचच्या आसपासच धरतोय. ५/२ च्या घोड्याचं बघा, १०० लावून ३५० परत, १४० भागिले ३५० म्हणजे ४० टक्के, आणि भाव सांगतोय साधारण २८-२९ टक्के. तिकिटाच्या किमतीतच टॅक्स धरलेला असला तरी गणित हेच येतं, कारण मग खरी पैज १०० ऐवजी ७१ रुपयांची होते.

त्यात बुकीचा नफा वेगळा. एक उदाहरण घ्या, पाच घोडे, भाव इव्हन, २/१, ५/१, ८/१, १०/१. प्रत्येक भावाची टक्केवारी काढली तर ५०, ३३.३, १६.७, ११.१, ९.१. बेरीज १२० च्या वर जाते. खरी शक्यता शंभरच असणार ना, वरचे वीस बुकीचे. बोर्डासमोर उभं राहून ही बेरीज करायची सवय लावा, कुठल्या रेसला भाव किती कसलेले आहेत ते लगेच कळतं.

जिंकलात तर रेसच्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे, १०,००० च्या वर एका वेळी जिंकलात तर तिथेच टीडीएस कापतात, आणि हरलेल्या तिकिटांचे पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं.

जगभरचा अनुभव असा की फेव्हरिट साधारण तिनातून एक रेस जिंकतो, आणि पन्नासला एक वाले लांब भावाचे घोडे लोकांना वाटतं त्यापेक्षाही कमी वेळा येतात, कारण मोठा आकडा बघून त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त पैसा पडतो. म्हणून "फेव्हरिटवर डोळे मिटून लावा" हे पण चुकीचं आणि "एकदाच मोठा मारू" हे त्याहून चुकीचं.

हे सगळं वाचून जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. मी स्वतः सीझनमधे जातो आणि मला फार आवडतं. पण यातून कमाई होईल हा विचार घेऊन जाऊ नका. नाटकाच्या तिकिटाला पैसे काढता तसे दिवसाचे पैसे वेगळे काढा आणि ते खर्च झाले असं समजूनच गेटमधून आत शिरा.

परळ_ब्रिज

जॉकपॉटचं कोणी लिहिलं नाही. पाच रेसचे पाचही विनर बरोबर आले की जॉकपॉट. प्रत्येक रेसला आठ घोडे धरले तर ३२,७६८ कॉम्बिनेशन होतात, त्यावरून समजा. प्रत्येक रेसला दोन-दोन घोडे धरले तरी ३२ तिकिटं होतात. कोणी एखाद्या रेसला एकच घोडा ठेवतो, त्याला बँकर म्हणतात, म्हणजे तिकिटं निम्मी होतात पण तो हरला की सगळंच गेलं. ग्रुपने मिळून घेतात लोक, मजा येते, पण आधी वर्गणीचे पैसे हातात घ्या मगच तिकीट काढा, नाहीतर नंतर मैत्रीत वांधे.

सुमेधा_दादर

मी खेळत नाही पण हा धागा पूर्ण वाचला. आमच्या घरात जवळच्या एका माणसाचं यातून फार नुकसान झालं म्हणून लिहितेय. कोणाला घाबरवायचं नाहीये.

आम्ही बघितलं ते असं की पहिल्या रेसला लावलेल्या पैशाने कोणी बुडत नाही, दिवसाच्या शेवटच्या रेसला बुडतात. दिवसभर गेलेलं सगळं एका फटक्यात भरून काढायचं म्हणून मोठ्या भावाच्या घोड्यावर उरलेलं सगळं लावायचं. दुसरं, घरी आकडा लपवायला सुरुवात झाली की समजायचं. तिसरं, उधारी. कोणी "आज लाव, नंतर दे" म्हटलं की तिथून उठून यायचं, तो माणूस कितीही ओळखीचा असो. नवखा, तू किती लावणार ते घरी सांगून जा, आणि कार्ड घरी ठेवून फक्त रोख घेऊन जा. आणि कोणाला स्वतःचं किंवा घरच्यांचं हाताबाहेर जातंय असं वाटत असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत पण बोलतात. आम्हाला तेव्हा असं काही माहीत नव्हतं, कोणाशी बोलायचं तेच कळत नव्हतं.

नवखा_ठाणे

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सुमेधाताई, तुमचं वाचून बायकोला आत्ताच सांगितलं, ५०० रुपये ठरलेत. तबेल्याजवळ ताई, तुम्ही म्हणता तसं आधी पॅडॉकच बघणार. पण वॉट्सॅप ग्रुपचं आणि कायद्याचं राहिलं. आणि सीझन कधी संपतो, फेब्रुवारीत डर्बी असते ना ती पहिल्यांदा जाणाऱ्याने बघावी का?

सातरस्ता

कायद्याचं सांगतो. १८८७ चा मुंबईचा जुगारबंदी कायदा आहे, त्यात घोड्यांच्या शर्यतीच्या बेटिंगला सूट आहे पण ती लायसन्स असलेल्या ठिकाणी, त्याच्या नियमात राहून लावलं तरच. १९९६ मधे सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, मटक्यासारखा नुसता नशिबाचा नाही. पण घोडा आणि जॉकीच्या अंगात कौशल्य आहे म्हणून तिकीट काढणाऱ्याला पैसे मिळतीलच असं होत नाही, ते आकडेमोडने दाखवलंच आहे.

वॉट्सॅप ग्रुपवर पैसे लावायचे नाहीत. विषय संपला. ते बेकायदेशीर आहे, तिकीट नाही, पावती नाही, जिंकलास तर देईलच याची खात्री नाही आणि हरलास तर वसुलीला माणूस येतो. पक्की टिप देणाऱ्यांचं पण समजून घे. दहा घोड्यांच्या रेसला तो दहा वेगवेगळ्या लोकांना दहा वेगळे घोडे सांगतो, एकाचा येतोच, तो एक जण पुढच्या वेळी पैसे देऊन टिप घेतो आणि चार लोकांना घेऊन पण येतो. आणि टोटचं गणित आठव, टिप खरी असती तर ती सगळ्यांना वाटून त्याने स्वतःचाच डिव्हिडंड, म्हणजे तिकिटाला मिळणारे पैसे, कशाला पाडला असता?

सीझन मुंबईला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, मग पावसाळ्यात घोडे पुण्याला. इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, १९४३ पासून चालू आहे, २४०० मीटर, चार वर्षांचे घोडे. बघायला जरूर ये, वातावरण जबरदस्त असतं, लोक नटूनथटून येतात, स्टँड भरलेलं असतं. पण शिकायला तो दिवस वाईट. गर्दीत पॅडॉकच्या कठड्यापर्यंत पोचणं मुश्कील, काउंटरला रांगा, आणि वर्षातून एकदाच येणाऱ्यांचा पैसा नावाजलेल्या घोड्यांवर पडतो म्हणून टोटचे भाव वेडेवाकडे होतात. त्याआधीचा एखादा साधा रविवार पकड. पहिल्या रेसच्या अर्धा तास आधी पोच, पुस्तक आदल्या दिवशी घे आणि घरी बसून एकच रेस निवड, हँडिकॅप, १२०० किंवा १४०० मीटर, सात-आठ घोड्यांची. प्रत्येक घोड्याचं मागच्या तीन रेसचं वजन, अंतर आणि कितवा आला ते वहीत उतरव आणि तुझे तीन घोडे क्रमाने लिहून ठेव. मग तिथे जाऊन पॅडॉक बघितल्यावर क्रम बदलावासा वाटतो का ते बघ. बदललास तर का बदलला ते पण बाजूला लिही. रविवारनंतर ती वही इथे टाक, आपण सगळे मिळून बघू काय निसटलं ते.